दहा बाय दहाच्या खोलीतील सूर

वऱ्हाडात घर बांधायला काढले, की देवघराची दिशा, स्वयंपाकघराचा ओटा आणि कूलरची खिडकी यांवर दिवसेंदिवस खल होतो. गाणे ऐकण्याची जागा मात्र कोणाच्याच नकाशात नसते. पुढे मुले शिकायला पुण्या-मुंबईला जातात, एक खोली रिकामी होते, हाती थोडा पैसा येतो आणि घरातल्या गानवेड्या माणसाची जुनी हौस जागी होते. नेमकी येथेच गफलत घडते. दुकानातील सर्वांत उंच स्पीकरची जोडी दहा बाय दहाच्या खोलीत येऊन बसते. आठ दिवस पाहुण्यांना धडधड ऐकवली जाते आणि महिन्याभरात त्या जोडीवर आच्छादन पडते. गाणे ऐकताना डोके दुखते, हे कबूल करायला कोणी तयार नसते. उंची दर्जाच्या जोडीला आज चांगल्या मोटारसायकलीइतकी किंमत मोजावी लागते. म्हणूनच खरेदीपूर्वी थोडे ध्वनिशास्त्र समजून घेणे हिताचे.

खोलीचे गणित

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनिलहर अडकली, की एका ठरावीक कंपनसंख्येला खोलीच घुमू लागते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्याला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागले, की ही कंपनसंख्या मिळते. दहा फुटांसाठी ती साधारण ५६ हर्ट्झ येते आणि तिची दुप्पट ११२ हर्ट्झ. आपल्याकडील अनेक खोल्यांची लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फुटांच्या आसपास असतात. म्हणजे तिन्ही दिशांची घुमणी एकाच स्वरावर येऊन आदळतात. तानपुऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याची घुमक याच टापूत असल्याने ठेका अस्पष्ट होतो आणि गायकाचा आवाज त्याखाली दबतो. मोठा स्पीकर खालचे सूर जितक्या जोराने फेकतो, तितका हा गोंधळ वाढतो. लहान स्पीकर ६० हर्ट्झच्या खाली फारसे काही देतच नाही. लहान खोलीत त्याची ही उणीवच उपकारक ठरते. दहा बाय बाराची खोली निवडता आली तर अधिक बरे, कारण तेथे घुमणी थोडी विखुरतात.

लहान पेटीचा मोठा वारसा

लहान पेटीतून उत्तम ध्वनी मिळू शकतो, हे बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात सिद्ध केले. बाहेरून होणाऱ्या प्रक्षेपणासाठी ज्या मोटारी वापरल्या जात, त्यांच्या अरुंद जागेत आवाजाची अचूक पारख करता यावी म्हणून त्यांनी 'एलएस ३/५ए' नावाचा स्पीकर घडवला. उंची फूटभर, रुंदी साडेसात इंच, आत केफ कंपनीचा पाच इंची वूफर आणि छोटा ट्वीटर. पेटी पूर्ण बंद. त्यात गडगडाट नव्हता, परंतु निवेदकाचा आवाज माणसाचाच वाटे. रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ अशा अनेक कंपन्यांनी परवाना घेऊन तो बनवला. १९९०च्या दशकाअखेर त्याचे उत्पादन थांबले, पण मागणी सरली नाही आणि अलीकडच्या वर्षांत तो पुन्हा बनू लागला. त्याच परंपरेतून प्रेरणा घेऊन केफने २०१२ मध्ये 'एलएस ५०' आणला. त्यात ट्वीटर वूफरच्या मध्यभागी बसवलेला असल्याने सर्व सूर एकाच बिंदूतून येतात. आपल्या देशात कोलकात्याची सोनोडाइन १९७०च्या दशकापासून या क्षेत्रात आहे.

आपण ऐकतो काय?

स्पीकर निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नसून आवडीचा असावा. वऱ्हाडाचे कान शब्दांवर पोसलेले आहेत. सुरेश भट अमरावतीचे. त्यांची गझल घरोघरी नेणारे भीमराव पांचाळेही याच जिल्ह्यातील आष्टगावचे. गुरुकुंज मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने तर येथल्या मातीतच मुरली आहेत. या सर्व गायनात शब्द स्पष्ट पोहोचणे महत्त्वाचे. मानवी आवाजाचा गाभा मधल्या सुरांत असतो. व्यंजनांची धार साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या टापूत असते. नेमके हेच क्षेत्र चांगला छोटा स्पीकर प्रामाणिकपणे सांभाळतो. ढोल-ताशा किंवा चित्रपटातील स्फोट हवे असतील, तर मात्र त्याच्याकडून अपेक्षा करू नये. त्यासाठी वेगळा सबवूफर घ्यावा.

आकडे किती पाहावेत?

माहितीपत्रकातील एक आकडा मात्र अवश्य पाहावा, तो म्हणजे संवेदनशीलता. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, हे त्यावरून कळते. दर ३ डेसिबलला वॅटची गरज दुप्पट होते. म्हणजे ८९ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज ८३ डेसिबलच्या स्पीकरमधून हवा असेल, तर चौपट शक्ती लागते. छोटे स्पीकर बहुधा कमी संवेदनशील असतात. लहान खोलीत नेहमीच्या ऐकण्याला काही वॅट पुरतात. परंतु तान वर चढते त्या क्षणासाठी ५० वॅटचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर जवळ असावा. स्पीकरवर सगळा पैसा उधळून अ‍ॅम्प्लिफायरपाशी हात आखडणे हा सरसकट घडणारा प्रमाद आहे.

दुकानात जाताना

ऐकण्यासाठी बहुधा नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. तेव्हा जाताना ओळखीच्या तीन-चार ध्वनिमुद्रिका सोबत न्याव्यात. हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतातील लताबाईंचे एखादे गीत, एक तबलावादन आणि एक खंजिरी भजन एवढे पुरे. खंजिरीच्या झांजा कानाला टोचल्या, तर ट्वीटर कर्कश आहे असे समजावे. दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवण्यास सांगावे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. किमान तासभर ऐकावे. पहिल्या मिनिटाला भुरळ घालणारा स्पीकर तासाभराने थकवतो, हा अनेकांचा अनुभव आहे.

घरी आणल्यावर

दहा बाय दहाच्या खोलीत स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे, एकमेकांपासून सुमारे सहा फुटांवर आणि कोपऱ्यांपासून दूर ठेवावेत. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा. त्यासाठी दोन फुटी भक्कम स्टँड घ्यावा. आपली खुर्ची पाठीमागच्या भिंतीला टेकवू नये आणि खोलीच्या अगदी मध्यावरही ठेवू नये. भिंतीपासून तीन फूट पुढे सरकावी.

आता टाळी वाजवून पाहावी. गुळगुळीत भिंती आणि फरशी यांमुळे झणझणीत प्रतिध्वनी आला, तर परदेशी फोमच्या पट्ट्या मागवण्यापूर्वी माळ्यावरची गादी खाली काढावी. कापूस हा उत्तम ध्वनिशोषक आहे आणि तो तर आपल्या काळ्या मातीचेच पीक! पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली जाड गादी भिंतीला उभी केली, खाली सतरंजी अंथरली आणि एका बाजूला पुस्तकांचे कपाट ठेवले, की मधले आणि वरचे सूर निवळतात. खालच्या घुमण्यावर मात्र गादीचा उपाय चालत नाही. तेथे स्पीकर आणि खुर्ची इंच-इंच सरकवणे हाच इलाज.

अखेरची गोष्ट उन्हाळ्याची. पारा ४५ अंशांच्या वर गेला, की कूलरशिवाय बसवत नाही आणि त्याच्या घरघरीत गाण्यातील हळवे क्षण बुडतात. आवाज वाढवून त्यावर मात करू नये, कान शिणतात. कूलरचा ओलसर झोत लाकडी पेटीवर आणि कागदी शंकूवर थेट येऊ देऊ नये. वूफरची कड फोमची असेल तर ती काही वर्षांत भुगा होते. जुनी जोडी घेताना ती बोटाने हळूच तपासावी. रबराची कड अधिक टिकते.

मे महिन्यात रात्री उशिरा, वारा जरा निवल्यावर कूलर बंद करावा आणि मंद आवाजात एखादी गझल लावावी. गायकाचा श्वास ऐकू आला आणि समोर पेट्या आहेत याचा विसर पडला, तर निवड अचूक झाली असे खुशाल समजावे.