टोपलीतले मोजायचे कसे? जंगलाच्या उत्पन्नाचा खरा हिशेब



गेल्या वर्षी एका मंडळीत कामाची माहिती सांगायला गेले होते. भक्ती झाल्यावर चहा घेताना एका ज्येष्ठ हितचिंतकांनी मला विचारले, "ताई, तुमच्या अहवालात एका आदिवासी कुटुंबाची वर्षाची कमाई वाचली. एवढ्यात माणसे जगतात कशी? आणि जंगलातून इतके थोडे मिळत असेल, तर त्यांना जंगलाबाहेर आणून दुसरा धंदा शिकवणे बरे नाही का?"

प्रश्न आपुलकीने विचारलेला होता. चूक माझी होती. तो आकडा मीच लिहिला होता, आणि त्यात फक्त हातात आलेले रोख पैसे धरले होते. गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या कामाच्या गावी परतल्यावर मी ही गोष्ट बचत गटाच्या बैठकीत सांगितली. एक आजी हसून म्हणाल्या, "ताई, आमी विकलं ते तुमी लिवलं. आमी खाल्लं ते कोन लिवनार?"

आजींचा हा प्रश्न मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या तज्ज्ञांनाही पडलेला आहे. जंगल माणसांना नेमके किती देते, ते मोजायचे कसे आणि दुसऱ्यांना सांगायचे कसे, याविषयी आम्ही वर्षभरात जे शिकलो ते या अंकात आपल्यापुढे मांडते.

सरकारी हिशेबात जंगल कोठे असते?

देशाच्या उत्पन्नाच्या हिशेबात 'वनीकरण व लाकूडतोड' असा एक वेगळा रकाना असतो. एकूण उत्पन्नातला त्याचा वाटा एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान दिसतो. इमारती लाकूड, जळाऊ लाकूड आणि गौण वनउपज म्हणजे पाने, फुले, डिंक, मध वगैरे, या गोष्टी त्यात येतात. तेंदूपत्ता गावात विकला जातो तेवढी किंमत या रकान्यात धरली जाते. त्याच पानाची विडी झाली की वाढलेली किंमत कारखानदारीच्या रकान्यात जाते. बांबूचा कागद झाला तरी तसेच. हिशेबाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, कारण एकच रुपया दोनदा मोजायचा नसतो. पण रकाना नुसता पाहणाऱ्याला वाटते की जंगल देशाला फारसे काही देत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१४ सालचा जगातील वनांविषयीचा अहवाल याच विषयाला वाहिला होता. नोंदलेल्या वनउद्योगात जगभर सुमारे १ कोटी ३२ लाख लोक काम करतात, आणि नोंद नसलेल्या कामात निदान आणखी ४ कोटी १० लाख, असे त्यात म्हटले होते. सुमारे २४० कोटी माणसे सरपणावर स्वयंपाक करतात, हेही त्यातच होते. नोंदीबाहेरची माणसे नोंदीतल्यांच्या तिपटीहून अधिक! आमच्या आजी त्याच नोंदीबाहेरच्या.

एक गोष्ट मात्र मला नव्याने कळली. देशाच्या हिशेबाचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की घरासाठी गोळा केलेले सरपण, फळे, कंद हेही उत्पादनच आहे. ते विकले नाही तरी मोजायचे. म्हणजे 'खाल्लेले' लिहायला नियमाची आडकाठी नाही. अडते ते मोजण्याच्या कष्टापाशी.

आम्ही मोजायला कसे बसलो

ग्रामसभेची परवानगी घेऊन आम्ही काही घरांबरोबर वर्षभराची वही ठेवली. त्यातून पाच गोष्टी शिकलो.

पहिली, वर्षाचे एकदम विचारायचे नाही. "वर्षाला किती मोह वेचता?" या प्रश्नाला कोणीही अंदाजाने उत्तर देते. आम्ही ऋतूप्रमाणे विचारू लागलो. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहफुले, वैशाखात तेंदू आणि चारोळी, पावसाच्या तोंडावर मोहाच्या बिया, पावसाळ्यात रानभाज्या, अळिंबी आणि बांबूचे कोंब, ज्यांना इकडे वास्ते म्हणतात, आणि थंडीत आवळा, हिरडा, बेहडा. असे महिने लावले की आठवण आपोआप जागी होते.

दुसरी, माप गावाचेच ठेवायचे. इथे कोणी किलोत बोलत नाही. टोपली, पायली, मोळी हेच शब्द. आम्ही प्रत्येक घरची टोपली एकदा भरून काट्यावर ठेवली आणि वजन वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. पुढे टोपल्या मोजल्या की झाले. ओले फूल आणि सुकवलेले फूल यांच्या वजनात मात्र फार फरक पडतो, म्हणून तेही वेगळे लिहिले.

तिसरी, बायकांना वेगळे विचारायचे. पुरुषांनी बांबू आणि तेंदू सांगितला. सरपण, भाजी, औषधी मुळ्या आणि डोंगरावरचे पाणी बायकांनी सांगितले.

चौथी, गावातली किंमत धरायची. नागपूरच्या दुकानात मधाची बाटली ज्या दराने जाते, तो दर इथल्या घराला मिळत नाही. शहरातला भाव लावला तर आकडा छान फुगतो, पण तो खोटा होतो. मिळालेल्या किमतीतून पोती, गाडीभाडे, उधारीचे व्याज वजा केले. घरच्यांचे श्रम वजा केले नाहीत, पण किती दिवस गेले ते शेजारच्या रकान्यात लिहिले. आकडा मोठा दिसला तरी त्यामागे किती पहाटा आहेत, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

पाचवी, एकाच मालाचे पैसे दोनदा येऊ शकतात. आमच्याकडे ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. दिवसाला १५० पुडे बांधणारी बाई १०,५०० पाने हाताळते. फळीवर पुडे मोजून दिले की मजुरी मिळते, पण ग्रामसभेने लिलाव केला असेल तर स्वामित्वधन नंतर येते. जूनमध्ये विचारणाऱ्याला ते दिसतच नाही.

एक सोपे उदाहरण

खालचे आकडे कोणत्याही एका घराचे नाहीत. रीत समजावी म्हणून मुद्दाम सोपे घेतले आहेत. समजा, एका कुटुंबाने वर्षात २०० किलो सुके मोहफूल जमवले. गावातला भाव ३० रुपये. १२० किलो विकले, त्याचे ३,६०० रुपये झाले; ८० किलो घरी ठेवले, त्याची किंमत २,४००. तेंदूचे ९,००० रुपये मिळाले. आठवड्याला दोन मोळ्या सरपण, म्हणजे ५० आठवड्यांत १०० मोळ्या. ६० रुपयांप्रमाणे ६,०००. रानभाज्या, वास्ते, अळिंबी ६० वेळा ताटात आली. ४० रुपयांप्रमाणे २,४००.

रोख आले १२,६०० रुपये. घरात वापरले १०,८००. एकूण २३,४००. माझ्या जुन्या अहवालाच्या रीतीने फक्त १२,६०० छापले असते आणि जवळजवळ निम्मे जंगल कागदावरून नाहीसे झाले असते. त्या हितचिंतकांना उत्तर हवे होते ते इथे आहे. घराची चूल आणि ताट जंगलावर चालते, म्हणून एवढ्या थोड्या रोखीत माणसे जगतात. त्यांना जंगलाबाहेर आणले तर हे १०,८०० रुपये त्यांना रोख कमवून बाजारातून विकत घ्यावे लागतील.

हक्क बदलला की किंमतही बदलते

याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडांत गणले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनउपज मानले आणि त्यावर गावाचा हक्क सांगितला. मेंढ्याच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना कोणी द्यायचा, यावर गाडे अडले होते. एप्रिल २०११ मध्ये परवान्याची पुस्तके ग्रामसभेच्या हाती आली आणि ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली.

बांबू तोच, डोंगर तोच. आधी गावाच्या वाट्याला तोडणीची मजुरी येत होती. आता विक्रीची किंमत ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागली. म्हणून "जंगल किती देते?" या प्रश्नाबरोबरच "कोणाला देते?" हेही विचारावे लागते.

आणखी एक हिशेब आहे, तो सावधपणे समजून घ्यावा. वनजमीन खाण किंवा रस्त्यासाठी वळवली जाते तेव्हा जंगलाचे 'निव्वळ वर्तमान मूल्य' भरून घेतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केलेले दर जंगलाच्या प्रकारानुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते. २०२२ मध्ये ते वाढवण्यात आले. हा पैसा भरपाई वनीकरणाच्या सरकारी निधीत जातो. ज्या आजींची मोहाची झाडे गेली, त्यांच्या टोपलीत तो थेट पडत नाही. पण गावाकडे स्वतःची वही असेल, तर आपले काय जाणार आहे ते ग्रामसभा आकड्यांनिशी सांगू शकते. आमच्या गावांना वहीची गरज वाटली ती यासाठीच.

सांगताना पाळायचे पथ्य

मोजणे अर्धे काम. सांगणे उरलेले अर्धे. आम्ही चार पथ्ये ठरवली आहेत. आकडे आधी ग्रामसभेत वाचून दाखवायचे, मगच अहवालात घालायचे. रोख आणि घरवापर नेहमी दोन ओळींत दाखवायचे. मधाची झाडे कोठे आहेत किंवा एखाद्या घराकडे किती माल साठला आहे, हे कधीही छापायचे नाही, कारण अहवाल व्यापारीही वाचतो. आणि ज्याला किंमत लावता येत नाही ते तसेच शब्दांत लिहायचे. डोंगरावरचा झरा उन्हाळ्यात आटत नाही, देवाच्या झाडाला कोणी कुऱ्हाड लावत नाही, या गोष्टींपुढे रुपये लिहिण्याचा आम्ही प्रयत्न केला आणि ग्रामसभेने तो खोडायला लावला. "किंमत लिवली का कोनी तरी ती भरून झाड नेईल," असे एका वडीलधाऱ्यांनी सांगितले. त्यांचे म्हणणे आम्हांला पटले.

या वर्षीच्या अहवालात कुटुंबाच्या कमाईचा तक्ता आपल्याला नव्या रीतीने दिसेल. आकडा मागच्या वर्षीपेक्षा मोठा आहे. त्यावरून गरिबी अचानक कमी झाली असे कृपया समजू नये. दवाखाना, शाळेचा खर्च आणि प्रवास यांना रोखच लागते, आणि रोखीची ओळ अजून लहानच आहे. आपली मदत त्याच ओळीसाठी आहे: मोहफूल नीट सुकवायला ताडपत्र्या, भाव येईपर्यंत माल ठेवायला जागा, आणि ग्रामसभेच्या मुलामुलींना हिशेब लिहिण्याचे शिक्षण.

आता वही गावातलीच एक मुलगी लिहिते. गेल्या बैठकीत आजींनी तिच्याकडून स्वतःचे पान वाचून घेतले. सगळे ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "वास्ते एक डाव कमी लिवले तू." मुलीने वही उघडली आणि ते वाढवून लिहिले.