शिक्का नव्हे, निदान
पनवेलच्या एखाद्या वर्गात मूल जागेवर बसत नाही, हाकेला ओ देत नाही, की त्याच्यावर ‘व्रात्य’ असा शिक्का बसतो. वस्तुतः अशा वर्तनामागे श्रवणदोष, स्वमग्नता, अतिचंचलता वा अध्ययन-अक्षमता यांपैकी काहीही असू शकते. आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. म्हणूनच आधी श्रवणचाचणी, मग विकासाचा पूर्वेतिहास आणि घर व शाळा या दोन्ही ठिकाणचे निरीक्षण आवश्यक ठरते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांचा समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून शासकीय व अनुदानित शाळांत तपासणीही होते. परंतु पथकाच्या धावत्या भेटीत जे निसटते, ते शिक्षकाला वर्षभर दिसत असते. त्याची नेमकी नोंद हाती असेल, तर हार्बर मार्गाने मुंबईचे रुग्णालय गाठणाऱ्या पालकांची खेप वाया जाणार नाही. छडीने निदान होत नाही. विलंब मात्र होतो.