बायकांचा हिशेब

मुंबईचा गिरणगाव म्हटलं की भोंगा, संप, शाहिरी आणि लाल बावटा आठवतो. तो गिरणगाव जेवत होता खानावळवालीच्या हातचं, हे लिहिणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. बायकामुलं गावी ठेवून आलेले कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि शेजारच्या चाळीतली एखादी बाई त्यांना जेवू घाली. पैसे मिळणार पगार झाल्यावर. तोवर धान्य, तेल, डाळ वाण्याकडून उधार, तेही चढ्या भावाने. त्यातूनही भागलं नाही तर सावकार. कोण किती दिवस जेवला, कुणाचे किती खाडे, हे सगळं ती तोंडी सांभाळी. बँकेच्या लेखी मात्र तिला ना पत होती ना तारण. कम्युनिस्ट चळवळीत घडलेल्या, गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांमध्ये. गट करायचे, एकीची हमी दुसरीने घ्यायची आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवायचं, अशी ती रीत. ‘मायक्रोफायनान्स’ हा शब्द तेव्हा आपल्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता. १९८२ च्या गिरणी संपात गिऱ्हाईकच गावी परतलं, तो घाव मोठा होता, पण मंडळ टिकलं.

मुंबईतच भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांचं महिला मिलन १९८६ मध्ये सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी ‘स्पार्क’ संस्थेने पदपथवासीयांची मोजणी केली होती, कारण पालिकेच्या नोंदीत ही माणसं फक्त तोडकामापुरती होती. बायकांनी रोज रुपया-दोन रुपये बाजूला टाकले आणि आपलं घर केवढं हवं, हे आर्किटेक्टने सांगण्याआधी स्वतः आखून पाहिलं.

माण तालुक्यातल्या म्हसवडची गोष्ट तर ऐकणाऱ्याला हसू फुटावं अशी. चेतना गाला-सिन्हा यांच्यासोबत बायकांनी बँकेच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. कारण प्रवर्तकांचे अंगठे. बायका सही शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमचे साहेब कॅल्क्युलेटर घेऊन बसू देत. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

मला सर्वांत मोठा धडा पुण्यात दिसतो. कचरा वेचणाऱ्या बहुतेक बायका दलित, कित्येक दुष्काळात गाव सुटलेल्या. पाठीवर पोतं दिसलं की पोलिसाला चोरीचा संशय. भंगारवाला काट्यात मारणार ते वेगळंच. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि तिची पहिली मोठी कमाई होती ओळखपत्र. ते मिळवल्यावर बायकांनी महापालिकेपुढे उलटा हिशेब मांडला: आम्ही जो माल वेगळा काढतो, तो वाहून नेण्याचा तुमचा खर्च वाचतो, त्याचं काय? पालिकेने त्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. २००८ पासून त्यांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करते. घरामागे शुल्क, आणि विकण्याजोगा माल वेचणारीचा.

या सगळ्या कहाण्यांत नाव राहतं ते संघटक बाईचं किंवा बाप्याचं. पोतं उचलणारी, चूल पेटवणारी ‘महिला’ म्हणूनच छापली जाते. हा लेखही त्याला अपवाद नाही. दुसरं, एकीने दुसरीची हमी घेण्याची अन्नपूर्णेची रीत आज खाजगी वित्तकंपन्यांच्या हाती गेली आहे. हप्ता चुकला की वसुलीवाल्याआधी गटातल्या बायाच दारात बसतात. गट तोच, हिशेबाची वही मात्र दुसऱ्याच्या बगलेत.

पुण्यातही ओढाताण चुकली नाही. २०२० च्या अखेरीस ‘स्वच्छ’चा करार संपला, तेव्हा काम ठेकेदारांकडे द्यावं अशी भाषा पालिकेत सुरू झाली. मग थोड्या थोड्या मुदतवाढीवर गाडं चाललं, आणि बायका ढकलगाडी घेऊन रोज सकाळी त्याच दारांवर जात राहिल्या, शुल्काची पावती फाडत.