हवा थोडी कमी, ब्रेक थोडा आधी

आजचा विषय सायकलचा आहे, पण डांबरी रस्त्यावरच्या सायकलचा नाही. डोंगराळ रानात, मुरमाच्या वाटेवर सायकल कशी चालवायची, ते आज बोलू या.

आम्ही जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या. नाणेघाटाकडे जाणारा मोठा रस्ता डांबरी आहे, पण त्याला फुटणाऱ्या पाणंदी आणि वाड्यांच्या वाटा मुरमाच्या. गेल्या थंडीत आमच्या बचत गटातल्या सहा जणी मुलींच्या शाळेच्या सायकली घेऊन नाणेघाट बघायला निघालो. लग्नानंतर कुणीच सायकलला हात लावला नव्हता. एका पाणंदीच्या उतारावर, वळणावर आमच्या एक वहिनी घसरल्या. मनगटाचं हाड मोडलं. पुढे हात बरा झाला, पण घरात एक वाक्य मागे राहिलं: “सायकल हे बायकांचं काम नाही.” वाईट याचं वाटलं, की वहिनींनाही ते पटलं.

आम्हाला मात्र पटेना. पडल्या, हे खरं. पण का पडल्या? आमच्या गटाकडे जेवायला थांबणाऱ्या सायकलवाल्यांना आम्ही तेच विचारलं. त्यांच्या सायकली वेगळ्या असतात. त्यांना ग्रॅव्हल सायकल म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर चांगले जाड, साधारण 35 ते 50 मिलिमीटर रुंद. या प्रकाराची आता जागतिक स्पर्धाही होते. पहिली 2022 मध्ये इटलीत झाली आणि महिलांमध्ये फ्रान्सची पॉलिन फेराँ-प्रेव्हो जिंकली. म्हणजे मुरमावरची सायकल बायकांना जमते की नाही, याचा निकाल केव्हाच लागला आहे.

आता वहिनींच्या पडण्याचं कारण. ओसरीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडला तर काय होतं? दाणे पायाखाली गडगडतात आणि पाय सटकतो. सुट्या मुरमावर चाकाचं तसंच होतं. त्यातून निघताना आम्ही दुकानात सांगितलं होतं, “हवा टणक भरा.” टणक टायर दगडावरून उडतो, जमिनीला टेकतो तोही अगदी थोडा. हवा जरा कमी असली की टायर दबतो, जास्त जागेवर टेकतो आणि खड्याला धरून चालतो. हातांना धक्केही कमी बसतात. पण फार कमी हवा नको. मग दगडावर आपटताना रिम ट्यूबला चावते आणि पंक्चर होतं. बऱ्याच टायरच्या कडेला हवेचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा लिहिलेला असतो. मुरमाच्या वाटेला खालच्या आकड्याच्या जवळ राहावं, पण त्याच्या खाली जाऊ नये.

दुसरं कारण ब्रेकचं. वहिनींनी वळणाच्या मधोमध घाबरून पुढचा ब्रेक आवळला. वळताना चाकाला वळण्यासाठीच पकड लागते. त्याच वेळी ब्रेक दाबला की पकड पुरत नाही आणि पुढचं चाक सटकतं. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ वाटेवर, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून. वळणात ब्रेक सोडून द्यायचा.

उतारावर सीटवर घट्ट बसून राहू नये. दोन्ही पॅडल समान उंचीवर आणायची, त्यांवर उभं राहायचं, गुडघे-कोपर सैल ठेवायचे आणि अंग थोडं मागे न्यायचं. नजर चाकापुढच्या दगडावर नको, दहा-पंधरा पावलं पुढे ठेवा. जिथे बघतो तिथेच सायकल जाते. बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकोरीत मुरूम दाबलेला असतो, तिथून चालवा. मधल्या उंचवट्यावर आणि कडेला सुटी खडी साचते. चढावर मात्र बसूनच पॅडल मारा, उभं राहिलं की मागचं चाक जागेवर फिरतं. दम लागला तर उतरून ढकला, त्यात कमीपणा नाही.

ओढणी आणि पदर नीट खोचून घ्या, चेनमध्ये अडकला तर जिवावर बेतू शकतं.

पाणंदीच्या दोन्ही बाजूंच्या कुपाटीलाही ओळखायला शिका. निवडुंग, शेर, निरगुडी, करवंद, घायपात. या कुपाटीची मुळं बांधाची माती धरून ठेवतात, म्हणून पावसाळ्यात वाटेची कड ढासळत नाही. उन्हात सावली मिळते. पण कुपाटीमुळे वळणापलीकडची गाय किंवा गाडी दिसत नाही, म्हणून वळणाआधी घंटी वाजवायचीच. टायरमध्ये काटा दिसला तर घाईने उपसू नका. ठिगळ आणि पंप हाताशी असेल तेव्हाच काढा. आणि आपल्या तालुक्यात बिबट्या आहे, हे विसरायचं नाही. दिवस मावळायच्या आत घरी यायचं, एकटीने जायचं नाही आणि बोलत-बोलत चालवायचं.

दिवाळीनंतर वहिनी पुन्हा सायकलवर बसल्या. आधी महिनाभर शाळेच्या मैदानात वळणाआधी ब्रेक मारायचा सराव केला, मग पाणंदीत. जिथे पडल्या होत्या त्या वळणावर त्यांनी सरळ वाटेतच वेग उतरवला, ब्रेक सोडला आणि सायकल अलगद वळली. पलीकडे जाऊन थांबल्या, मागे वळून बघितलं, पण बोलल्या काहीच नाहीत.

त्या दिवशी आम्ही भातखाचरं आणि हिरड्याची झाडं मागे टाकत, डावीकडे जीवधन ठेवून नाणेघाटाच्या माथ्यावर पोहोचलो. तिथे मोठा दगडी रांजण आहे. घाटाने येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात जमा होई, असं सांगतात. सायकली वरच ठेवायच्या, कारण पुढची वाट दगडी पायऱ्यांची आहे. थोडं खाली उतरलं की लेणं लागतं. त्याच्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा तो मानला जातो. तिने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची नोंद त्यात आहे: गाई, घोडे, हत्ती, नाणी. दिलेल्या दानाचे आकडे तिने दगडात कोरून ठेवले. आम्ही गटाच्या वहीत दर महिन्याला पै-पैचा हिशेब लिहितो, त्यामुळे ही बाई आम्हाला एकदम ओळखीची वाटली. जन्म याच डोंगराखाली गेला, पण हे लेणं आमच्यापैकी चौघींनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मैत्रिणींनो, घरात मुलीची सायकल पडून असेल तर ती बाहेर काढा. चेनला तेल द्या, ब्रेकचे रबर तपासा, टायर अंगठ्याने दाबून बघा. आणि घसरलात, तर “मला जमत नाही” म्हणायच्या आधी हवा किती होती आणि ब्रेक कुठे दाबला, ते आठवा.