फुरशाचे विष आणि प्रतिपिंडांची सवड

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराकडे फाटा फुटतो. या भागात जांभ्याचे सडे आणि दगडी गडगे पसरलेले आहेत. अशाच दगडांच्या सांदीत फुरसे हा विषारी साप राहतो. 1862 साली सरकारने जिल्ह्यात फुरशांवर इनाम लावले, तेव्हा आठवड्याभरात लाखाहून अधिक मारली गेल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे.

फुरशाच्या विषामुळे रक्त गोठवणारी प्रथिने संपून जातात. म्हणून रुग्णालयात रक्त काचेच्या नळीत 20 मिनिटे ठेवून ते गोठते का, हे पाहतात. या विषाविरुद्ध प्रतिपिंडे बनवणे माणसाच्या शरीराला जमते. कमी पडते ती सवड.

विषातले प्रथिन प्रतिकारशक्तीच्या बी पेशीला चिकटले, तरी ती सहसा एकटीने पुढे जात नाही. त्या प्रथिनाचा तुकडा ती मदतनीस टी पेशीला दाखवते. ओळख पटली की टी पेशी सायटोकाइन नावाची छोटी प्रथिने सोडते आणि तिथून बी पेशीची वाट ठरते. इंटरल्यूकिन-4 मुळे ती वाढते, विभागते. इंटरल्यूकिन-21 तिला प्रतिपिंडे स्रवणाऱ्या प्लाझ्मा पेशीकडे नेते. प्रतिपिंडाची जातही असेच संकेत ठरवतात: टीजीएफ-बीटाने आतड्याचे रक्षण करणारे आयजीए, तर इंटरल्यूकिन-4 ने अ‍ॅलर्जीशी जोडलेले आयजीई.

जपानमध्ये तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने 1986 साली असाच एक रेणू उलगडला. तोच इंटरल्यूकिन-6. तो अति झाला तर शरीर स्वतःवरच उलटू शकते. म्हणून संधिवाताभ संधिशोथात त्याची वाट अडवणारे टोसिलिझुमॅब हे औषध देतात.

बी आणि टी पेशींमधली ही सारी देवाणघेवाण पुरी व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. विष मात्र काही तासांत रक्ताचा ताबा घेते.

म्हणून ती सवड घोड्याकडून उसनी घ्यावी लागते. मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्था नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषाचे वाढते डोस घोड्यांना टोचतात. त्यांच्या शरीरात हाच संवाद सावकाश घडतो आणि तयार प्रतिपिंडे रक्तातून वेगळी काढून प्रतिविष म्हणून कुपीत भरली जातात. दंश झाल्यावर मांत्रिकाकडे गेलेला प्रत्येक तास या कुपीपासून दूर नेतो.

रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावर त्याच्या टी आणि बी पेशी घोड्याचे प्रथिनही परके म्हणून ओळखू शकतात आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवतात. त्यामुळे साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, सांधेदुखी, अंगावर पित्त उठणे असा त्रास होऊ शकतो. तो औषधांनी आटोक्यात येतो. असे झाले तर रुग्णाने त्याच रुग्णालयात परत जाऊन प्रतिविष घेतल्याची तारीख सांगावी.