एस्प्रेसो म्हणजे फेसाची कॉफी नव्हे

लग्नाचे जेवण आटोपले की हॉलच्या एका कोपऱ्यात गर्दी होते. स्टीलच्या चकचकीत टाकीतून फुस्स असा आवाज येतो, वाफेचा लोट उठतो, आणि मशीनवाला दूध, साखर व कॉफीची पूड घातलेले भांडे वाफेच्या नळीखाली धरतो. दूध फसफसून वर येते. वरून चॉकलेटची पूड भुरभुरली की झाली 'एस्प्रेसो कॉफी'. लहान मुले दोन-दोनदा रांगेत उभी राहतात. खोटे कशाला सांगा, आम्हीही राहिलो आहोत. आपल्यापैकी बहुतेकांची एस्प्रेसोशी ओळख एवढीच.

या ओळखीमुळे आमच्या शेजारच्या मुलीची एक नोकरी हुकली. ती बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडील रिक्षा चालवतात. घराला हातभार लागावा म्हणून ती कॉफीच्या एका दुकानात मुलाखतीला गेली. तिथे पहिलाच प्रश्न आला, "एस्प्रेसो म्हणजे काय?" तिने सरळ सांगितले, "वाफेने फेस आणलेली दुधाची कॉफी." समोर बसलेले दोघे एकमेकांकडे बघून हसले. "लग्नातली ना?" असे एकाने विचारले. फोन करतो म्हणाले, तो आला नाही.

संध्याकाळी ती आमच्या दारात उभी. "काका, मी चुकीचे काय बोलले?" तिने विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. बी. कॉम. झालो, कचेरीत वीस वर्षे फायली हलवल्या, मोर्चे काढले, सभा घेतल्या. पण या प्रश्नाला आम्हीही तेच उत्तर दिले असते. त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवले, की हे एकदा मुळापासून समजून घ्यायचेच. पुढे तिला दुसऱ्या दुकानात काम मिळाले. आज ती रोज एस्प्रेसो काढते. आमचे वाचन आणि तिच्या हाताचा अनुभव, या दोहोंतून जे कळले ते इथे मांडत आहोत.

बी नव्हे, पद्धत

पहिला गैरसमज असा, की एस्प्रेसो ही कॉफीची वेगळी जात आहे. तसे नाही. ज्या बियांची साधी कॉफी होते, त्याच बियांची एस्प्रेसो होते. वेगळी आहे ती काढण्याची पद्धत.

आपण घरी कॉफी कशी करतो? पाण्यात किंवा दुधात पूड टाकून उकळतो, जायफळ किसतो, गाळतो. दक्षिणेकडचे लोक फिल्टरच्या भांड्यात पूड भरून वर उकळते पाणी ओततात. ते पाणी आपल्याच वजनाने थेंबथेंब खाली उतरते. दोन्ही प्रकारांत पाण्याला घाई नसते, पाच-दहा मिनिटे सहज जातात.

एस्प्रेसोत पाण्याला ढकलतात. अगदी बारीक दळलेली, दाबून घट्ट बसवलेली पूड आणि तिच्यातून जोराने रेटलेले ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी. हा जोर साधारण ९ बार इतका असतो. एक बार म्हणजे जवळजवळ आपल्या भोवतालच्या हवेचा दाब. आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार दाब जास्त असतो. त्याच्या नऊपट जोर कॉफीच्या एवढ्याशा चकतीवर पडतो. जुन्या इटालियन मापाने सात ग्रॅम पूड, सुमारे पंचवीस सेकंद, आणि कपात उतरते ती पंचवीस-तीस मिलिलिटर कॉफी. म्हणजे दोन मोठे चमचे.

वर तांबूस-सोनेरी साय दिसते, तिला 'क्रेमा' म्हणतात. ही दुधाची साय नव्हे. भाजलेल्या बीमध्ये अडकलेला वायू आणि कॉफीचे तेल दाबामुळे पाण्यात मिसळते व कपात फेसाच्या रूपाने वर येते. लग्नातल्या मशीनमध्ये फेस असतो तो दुधाचा. वाफेची नळी खऱ्या मशीनलाही असते, पण ती दूध गरम करण्यासाठी. पुडीतून दाबाने पाणी काढण्याचा जो मुख्य भाग, तोच आपल्या लग्नातल्या मशीनमध्ये नसतो. तिथली कॉफी ही झटपट विरघळणाऱ्या पुडीची असते. ती चवीला वाईट असे आमचे म्हणणे नाही. ती वेगळी वस्तू आहे, एवढेच.

घाईतल्या माणसाचे पेय

एस्प्रेसो म्हटले की आज काचेची दुकाने आणि न परवडणारी बिले डोळ्यांसमोर येतात. तिचा जन्म मात्र घाईतल्या गिऱ्हाइकासाठी झाला. इटलीतील तुरिन शहरात आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ साली वाफेच्या जोरावर भराभर कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये एका वेळी एकाच गिऱ्हाइकाचा कप काढणारे यंत्र आणले, आणि पाव्होनी यांनी १९०५ पासून तशी यंत्रे बनवून विकायला सुरुवात केली. या यंत्रांत वाफेचाच जोर होता. तो जेमतेम दीड बार, आणि कॉफीला करपट वास यायचा.

खरा बदल झाला तो आकिले गाज्जा यांच्यामुळे. १९३८ साली त्यांनी पहिले पेटंट घेतले आणि महायुद्धानंतर, १९४८ च्या सुमारास, स्प्रिंगचा दांडा ओढून पाण्यावर जोर देणारे यंत्र बाजारात आले. दाब नऊ बारच्या घरात गेला आणि कपावर प्रथमच ती सोनेरी साय दिसली. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या यंत्रात विजेचा पंप आला. दांडा ओढण्याची मेहनत संपली.

इटलीत आजही कामावर जाणारा माणूस बारच्या ओट्याशी उभ्यानेच एस्प्रेसो घेतो आणि दोन मिनिटांत निघतो. तिथे दारूच्या दुकानालाच नव्हे, तर कॉफीच्या दुकानालाही बार म्हणतात. उभ्याने प्यायचा दर कमी, टेबलावर बसून मागवले तर जास्त. १९११ च्या कायद्याने तिथल्या नगरपालिकांना जीवनावश्यक वस्तूंचे कमाल भाव ठरवण्याचा अधिकार मिळाला होता, आणि ओट्यावरची कॉफी त्यात धरली गेली. म्हणजे ज्या पेयाच्या नावाने आपल्या मुलीला हसले, ते पेय त्याच्या गावी आपल्या नाक्यावरच्या कटिंगसारखे कष्टकऱ्यांचे आहे.

कोणती जास्त कडक?

एस्प्रेसो प्यायली की रात्रभर झोप येत नाही, असे लोक म्हणतात. हिशेब करून पाहू. एका साध्या एस्प्रेसोत सुमारे ६० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. मोठा मगभर, म्हणजे २४० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ते सुमारे ९५ मिलिग्रॅम असते. थेंबाला थेंब लावला तर एस्प्रेसो कितीतरी कडक. पण कपाला कप लावला तर मगातली कॉफीच जास्त. दुकानात मिळणारी कॅपुचिनो, लाटे ही सगळी याच दोन चमच्यांवर दूध वाढवून केलेली असतात.

घरी यंत्र घ्यावे का?

हप्त्यांवर सर्व काही मिळते, म्हणून इथे थोडे सावध राहावे. स्वस्तातल्या काही मशीनमध्ये पंप नसतो. टाकीतले पाणी उकळून वाफेच्या जोराने वर चढते. दाब तीन-चार बारच्या पुढे जात नाही. खोक्यावर मात्र 'एस्प्रेसो मशीन' असेच छापलेले असते. तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न विचारावा, "यात पंप आहे का?" काहींवर '१५ बार' असे ठळक लिहितात. तो पंपाचा जास्तीत जास्त जोर. कॉफीला नऊच पुरतात, त्यामुळे पंधरा म्हणजे जास्त चांगली असे समजू नये.

दुसरे असे, की पंपाची मशीन घेतली तरी दळण नीट नसेल तर उपयोग नाही. पूड जाड असेल तर पाणी दहा सेकंदांत पळते. कॉफी पातळ आणि आंबट. फार बारीक असेल तर पाऊण मिनिट थेंब गळत राहतात, कॉफी कडूजहर. आमची शेजारीण सांगते, "काका, मशीन मी दोन दिवसांत शिकले. दळण अजून रोज सकाळी नव्याने लावावे लागते." हवेत दमटपणा वाढला, बिया जुन्या झाल्या, की मोजमाप बदलते. हे कसब आहे. बटण दाबण्याचे काम समजून त्याला हसू नये.

आमच्या मते आपल्यासारख्या घरांनी मशीनचा हप्ता डोक्यावर घेऊ नये. त्यापेक्षा मोका भांडे बरे. इटलीतच आल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली ॲल्युमिनियमचे हे आठ पैलूंचे भांडे काढले. पुढे त्यांचा मुलगा रेनातो याने ते घरोघर पोहोचवले. २०१६ मध्ये रेनातो वारले तेव्हा त्यांची रक्षा अशाच एका मोठ्या भांड्यात ठेवली गेली. मोक्याचा दाब एक-दीड बार, म्हणजे ही खरी एस्प्रेसो नव्हे. पण दाट, कडक आणि तिच्या जवळ जाणारी कॉफी चुलीवर, विजेशिवाय मिळते.

मोका भांड्याची कृती

भांडे विकत घेताना ध्यानात ठेवा, 'तीन कप' म्हणजे पन्नास मिलिलिटरचे तीन चिमुकले कप. आपले चहाचे कप नव्हेत.

१. खालच्या भागात पाणी भरा. आतल्या बाजूला छोटी वाफ-झडप दिसते, पाणी तिच्या खालीच राहिले पाहिजे. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखीच ती आहे, ती बुजू देऊ नका.

२. मधल्या चाळणीत पूड भरा. तीन कपी भांड्याला साधारण १५ ग्रॅम लागते. पूड बारीक मिठासारखी असावी. बोटाने सपाट करा, पण दाबू नका. मशीनमध्ये पूड दाबतात, इथे दाबली तर पाणी अडते.

३. कडा पुसून वरचा भाग घट्ट फिरवून बसवा. भांडे लहान असल्याने गॅसवर जाळी ठेवा. आच मंद.

४. झाकण उघडे ठेवून पाहा. मधल्या नळीतून काळीभोर कॉफी संथपणे येऊ लागेल. रंग फिकट होऊन फुरफुर सुरू झाली की लगेच उतरवा. बूड नळाखाली धरून गार करा. इथे उशीर झाला की कॉफी करपट होते.

५. चमच्याने एकदा ढवळून मग ओता. भांडे गार झाल्यावरच उघडा, धुऊन कोरडे करून ठेवा.

पूड घेताना पाकीट वाचा. फिल्टर कॉफीच्या पुष्कळ पाकिटांत चिकोरी मिसळलेली असते आणि तिचे प्रमाण पाकिटावर छापावेच लागते. मोक्यासाठी चिकोरी नसलेली पूड घ्या. 'एस्प्रेसो' असे लिहिलेली, पाण्यात विरघळणारी पूड मोक्यात घालू नका. ती आधीच काढून वाळवलेली कॉफी असते. कूर्ग, चिकमगळूरकडची पूड उत्तम चालते. तिकडची रोबस्टा जातीची बी इटलीतले व्यापारीही एस्प्रेसोच्या मिश्रणासाठी नेतात.

दुधाची हवी असल्यास दूध बोट सोसेल त्याहून थोडे जास्त तापवा, उकळू नका, आणि रवीने घुसळा. छान फेस येतो. मोक्याची थोडी कॉफी कपात घेऊन वर ते दूध ओता. आमच्या घरी पहिल्या दिवशी आम्ही करपवली, दुसऱ्या दिवशी झडप बुडेपर्यंत पाणी भरले, तिसऱ्या दिवशी जमली. आमच्या आईने मात्र एक घोट घेऊन कप परत केला आणि जायफळ मागितले!

थोडे जपून

निरोगी मोठ्या माणसाने दिवसात ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन घेऊ नये, गरोदर बाईने २०० पेक्षा कमीच, असे तज्ज्ञ सांगतात. यात चहाही धरायचा. लहान मुलांना देऊ नये. अंगात रक्त कमी असलेल्या भगिनींनी जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर चहा-कॉफी घेऊ नये; जेवणातले लोह अंगी लागत नाही. तास-दोन तासांचे अंतर ठेवावे.

मागच्या महिन्यात त्या मुलीच्या दुकानात नवीन मुले भरती झाली. त्यांना शिकवायचे काम तिच्याकडे आले. एका मुलाला तिने तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "लग्नात असते ती फेसाची, ताई." आजूबाजूचे हसायला लागले. ती हसली नाही. "मीही हेच सांगितले होते," असे म्हणून तिने त्याला मशीनजवळ नेले, पूड दाबून दाखवली, आणि पंचवीस सेकंद मोजायला लावले.