आंजर्ल्याचा ठावठिकाणा

जानेवारी २०२२ मध्ये दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादी कासवाच्या पाठीवर छोटा प्रेषक बसवला गेला. तिचं नाव सावनी. श्वास घ्यायला ती पाण्यावर आली की उपग्रह तिचा संकेत टिपायचा आणि ती कुठे आहे ते अभ्यासकांना नकाशावर दिसायचं. त्याआधी, ३ जून २०२० ला, निसर्ग चक्रीवादळात दापोली तालुक्यातली वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलची रेंजही. मुंबई-पुण्यातल्या लोकांना घरच्यांची खबर मिळेना. कासवाचा ठावठिकाणा लागतो, मग संकटातल्या गावाचा का लागू नये? हौशी रेडिओवाल्यांकडे, म्हणजे हॅम मंडळींकडे, याचं स्वस्त उत्तर आहे. मात्र ते उपयोगी पडायचं तर यंत्र कुठे बसवायचं हे नीट ठरवायला हवं.

रेडिओवरून ठावठिकाणा कळवण्याच्या या पद्धतीला एपीआरएस म्हणतात. अमेरिकी नौदल अकादमीतले अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी ती विकसित केली. जीपीएसने दिलेलं स्थान, केंद्राचं सांकेतिक नाव आणि एखादी ओळ एवढ्याचं एक छोटं पाकीट तयार होतं. आंजर्ल्याच्या पाकिटात अक्षांश १७५१ ने सुरू होईल आणि रेखांश ०७३०५ ने, म्हणजे १७ अंश ५१ मिनिटं उत्तर आणि ७३ अंश ५ मिनिटं पूर्व. ते हवेत सोडायला जेमतेम सेकंद लागतो. वाटेतलं पुनःप्रक्षेपण केंद्र ते ऐकून पुन्हा पुढे पाठवतं. शेवटी इंटरनेटला जोडलेलं एखादं केंद्र ते उचलतं आणि जगाच्या नकाशावर टाकतं. या शेवटच्या केंद्राला आयगेट म्हणतात.

प्रत्येकाच्या खिशात फोन असताना हा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. फोनमधल्या जीपीएसला आपण कुठे आहोत हे टॉवरशिवायही कळतं, पण ते दुसऱ्याला कळवायला टॉवर लागतो. त्याहून वजनदार आक्षेप असा, की वादळात इंटरनेटच गेलं तर आयगेट काय कामाचं? आयगेट आंजर्ल्यातच बसवलं तर खरोखरच काही कामाचं नाही. म्हणून ते घाटावर हवं. महाबळेश्वर आंजर्ल्यापासून सरळ रेषेत साधारण ६० किलोमीटर आहे आणि त्याची उंची सुमारे १,३७० मीटर. एवढ्या उंचीवरच्या अँटेनाचं रेडिओ-क्षितिज हिशेबाने १५० किलोमीटरच्या घरात जातं. अडचण अंतराची नाही, मधल्या डोंगरांची आहे. आंजर्लं खाडीकाठी, झाडीत आणि डोंगराच्या कुशीत वसलेलं आहे. तेव्हा गावातल्या कड्यावरच्या गणपतीच्या देवळाच्या बाजूच्या उंचवट्यावर बॅटरी आणि सौर पॅनेलवर चालणारं एक पुनःप्रक्षेपण केंद्र लागेल. तिथून घाट थेट गाठता येत नसेल तर मध्ये आणखी एक. ही जोडणी चालते का, हे पावसाळ्याआधीच प्रत्यक्ष संदेश पाठवून पाहायला हवं. कागदावरच्या क्षितिजावर कोणी विसंबू नये.

गुप्ततेचा मुद्दाही खरा आहे. हौशी रेडिओवर सांकेतिक कुलूप लावून बोलायला बंदी आहे, त्यामुळे पाकीट कोणीही वाचू शकतो. घराघराची माहिती त्यावर जाऊ नये. निवारा केंद्र, बंद झालेला रस्ता, मदतीची गाडी यांची जागा जितक्या लोकांना दिसेल तितकी बरी.

राहिला हौशी रेडिओ चालवायला लागणारा परवाना. हे रेडिओ-संच बोटींवरच्या परवाना नसलेल्या खलाशांच्या हाती देता येत नाहीत, आणि बोटींसाठी आपत्ती-संकेताची वेगळी साधनं आहेतच. त्यांची जागा हौशी रेडिओने घेऊ नये. गावाला हवीत ती चार-पाच परवानाधारक माणसं. केंद्र सरकारची परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते, म्हणजे शाळेतली मुलंही बसू शकतात. दापोलीत कृषी विद्यापीठ आहे, आंजर्ल्यात आणि हर्णैला शाळा आहेत. अँटेनाच्या खर्चाआधी तिथे या परीक्षेचे वर्ग सुरू व्हायला हवेत, कारण वाऱ्याने वाकलेला खांब सरळ करायला आणि बॅटरी बदलायला मुंबईहून कोणी येईपर्यंत थांबता येणार नाही.